घर कुणाचे, भय कुणाचे?

शेजाऱ्याचे दार अवेळी उघडे दिसले तर आपण काय करतो? गॅलरीतून दोन हाका मारतो. ओ आली नाही तर पायांत चपला सरकवून त्याच्या दाराशी जातो. रात्र फारच झाली असली तर खालच्या वॉचमनला उठवतो. ह्यालाच आपल्याकडे शेजारधर्म म्हणतात. तो शिकवण्यासाठी आजवर कोणाला शाळा काढावी लागलेली नाही.

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात फोर्ट वर्थ नावाचे शहर आहे. तेथील एका वयस्क गृहस्थाने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी हाच शेजारधर्म पाळला. रात्रीचे अडीच वाजायला आले होते. समोरच्या घराची दारे उघडी होती, आत दिवे जळत होते. त्या घरातली आई आजारी असते, हे ह्या गृहस्थाला ठाऊक होते. त्याने ९११ हा तातडीचा क्रमांक फिरवला नाही, कारण तातडी अशी काही दिसत नव्हती. पोलिसांच्या साध्या क्रमांकावर फोन करून, जरा कोणी पाहून जाल का, एवढेच त्याने सांगितले.

घरात होती अटाटियाना जेफरसन नावाची अठ्ठावीस वर्षांची तरुणी आणि तिच्या बहिणीचा आठ वर्षांचा मुलगा. जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या ह्या मुलीला पुढे डॉक्टर व्हायचे होते. आईच्या आजारपणासाठी ती आईच्या घरी राहायला आली होती. त्या रात्री स्वयंपाक करताना काही करपले, घरात धूर झाला, म्हणून तिने दारे उघडी टाकली होती. मावशी आणि भाचा व्हिडिओ गेम खेळत जागे होते.

फोनवरचा निरोप पोलिसांच्या खात्यात हातोहात पुढे जाताना त्याचा अर्थ पालटला. ‘घरच्या माणसांची खुशाली पाहून या’ असे न उरता ‘एक इमारत उघडी आहे’ अशी त्याची नोंद झाली. दोन पोलीस आले. त्यांनी गाडी घरासमोर न आणता कोपऱ्यापलीकडे उभी केली. उघड्या दारातून डोकावल्यावर आतले सामान त्यांना अस्ताव्यस्त दिसले. चोरी झाली असावी असा तर्क त्यांनी केला, असे त्यांनी पुढे न्यायालयात सांगितले. त्यांनी दार वाजवले नाही, हाक मारली नाही. विजेऱ्या घेऊन ते घराला वळसा घालत फाटकातून मागच्या अंगणात शिरले.

अंगणात कोणी वावरत असल्याचा आवाज आत गेला. तरुणीने आपल्या पर्समधून पिस्तूल काढले आणि ती खिडकीपाशी गेली. बाहेरून एक माणूस ओरडला, हात दाखव! ओरडणे आणि गोळी ह्यांत श्वास घेण्याइतकाही अवधी नव्हता. ‘आम्ही पोलीस आहोत’ हे तीन शब्द काही कोणी उच्चारले नाहीत. भाचा त्याच खोलीत होता.

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. फराळाच्या ताटाशेजारी बंदुकीच्या गोष्टी शोभत नाहीत, हे मलाही कळते. पण आपल्याकडून शिकायला नि नोकरीला गेलेल्या किती मुलांचे संसार आज डॅलस, फोर्ट वर्थ, ह्यूस्टन येथे आहेत! त्यांच्या दारांवरही आता तोरणे लागतील. शिवाय प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. राज्याच्या वतीने हत्यार धरणारा माणूस नागरिकाच्या घरात शिरतो आणि घरच्या माणसाचा प्राण घेतो, तेव्हा त्याचा जाब कोणी, कोणाला, कोणत्या कायद्याने विचारायचा, हा तो प्रश्न आहे.

दोन भये, एक कायदा

ह्या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे. १६०४ साली इंग्लंडमध्ये ‘सेमेन खटला’ म्हणून ओळखला जाणारा एक निवाडा झाला. ज्याचे त्याचे घर हा ज्याचा त्याचा किल्ला, हे तत्त्व त्यात न्यायाधीशांनी मांडले. त्याच निवाड्यात आणखी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख मात्र कमी होतो. राजाच्या अधिकाऱ्याला प्रसंगी हा किल्ला फोडता येईल. परंतु त्याआधी त्याने आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून दार उघडण्याची विनंती केली पाहिजे. म्हणजे घरधन्याचा हक्क आणि अधिकाऱ्याचे कर्तव्य ही एकाच निवाड्याची जुळी अपत्ये आहेत.

अमेरिकेने स्वातंत्र्यानंतर हा वारसा टाकला नाही. १७९१ साली राज्यघटनेला जोडलेल्या चौथ्या दुरुस्तीने घराला अवाजवी झडतीपासून संरक्षण दिले. दार वाजवून ओळख सांगण्याचा नियम हा त्या संरक्षणाचाच भाग आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २००८ साली त्याच न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला : स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे.

आता ह्या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहा. रात्री अंगणात पाऊल वाजले तर घरच्या माणसाने भ्यावे आणि हातात पिस्तूल घ्यावे, हे कायद्याला मान्य आहे. त्या माणसाच्या हातात पिस्तूल दिसले तर पोलिसाने भ्यावे आणि गोळी झाडावी, हेही अनेकदा कायद्याला मान्य होते. दोन्ही भये खरी, दोन्ही कायदेशीर. पण एका भयाचा शेवट स्मशानात होतो आणि दुसऱ्याचा चौकशी समितीपुढे.

पोलिसाचे भय मोजण्याचे माप १९८९ च्या एका खटल्यातून आले. ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ हे त्याचे नाव. मधुमेहाचा झटका येत असलेला एक माणूस संत्र्याचा रस घेण्यासाठी दुकानात धावत शिरला. आत रांग पाहून तसाच धावत बाहेर पडला. एका पोलिसाला संशय आला, आणि त्यातून झालेल्या झटापटीत त्या रुग्णाचा पाय मोडला. ह्या प्रकरणात न्यायालयाने ठरवले, की पोलिसाने वापरलेले बळ योग्य होते की नाही हे त्या जागी उभ्या असलेल्या एखाद्या समंजस पोलिसाच्या नजरेने पाहावे. मागाहून निवांतपणे आलेल्या शहाणपणाने पाहू नये. तत्त्व वाजवी आहे. क्षणार्धात निर्णय घेणाऱ्याला खुर्चीत बसून दोष देणे सोपे असते. मात्र खिडकीच्या आतल्या समंजस माणसाला त्या क्षणी काय वाटले असेल, हे विचारणारे तितकेच वजनदार माप कोणी तयार केले नाही.

नुकसानभरपाईच्या दाव्यात ह्याच्यावर आणखी एक कवच चढते. अमेरिकेत १८७१ च्या कायद्याने सरकारी माणसाने हक्क तुडवले तर नागरिकाला त्याच्यावर दावा लावता येतो. परंतु १९६७ पासून न्यायालयांनी अधिकाऱ्यांना एक मर्यादित अभय देऊ केले आणि १९८२ च्या निर्णयाने ते पक्के झाले. ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ असे त्याला म्हणतात. अधिकाऱ्याचे कृत्य बेकायदा आहे हे पूर्वीच्या निर्णयांवरून स्पष्टपणे प्रस्थापित झालेले नसेल, तर दावा उभाच राहत नाही. त्यामुळे वकिलांना जवळजवळ तशाच पूर्वीच्या घटनेचा शोध घेत ग्रंथालये पालथी घालावी लागतात. आपले दुःख अगदीच नवे असले, तर ते कायद्याच्या दृष्टीने पोरके ठरते!

चार दारे

हे माप प्रत्यक्षात कसे चालते, ते चार घरांच्या दाराशी जाऊन पाहू.

पहिले दार डॅलसचे. फोर्ट वर्थहून हे शहर पन्नासेक किलोमीटरवर. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कामावरून परतणारी एक पोलीस बाई आपल्या मजल्याऐवजी वरच्या मजल्यावर गेली आणि दुसऱ्याचे घर आपले समजून आत शिरली. बोथम जीन हा सव्वीस वर्षांचा हिशेबनीस तेथे आइसक्रीम खात बसला होता. बाईंनी त्याला चोर समजून गोळी घातली. खटल्यात बचाव असा, की आपल्या घरात चोर आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आणि घर हा किल्ला असल्याच्या तत्त्वाचा विचार करण्याची मुभा न्यायाधीशांनी ज्यूरीला दिली. ज्याच्या किल्ल्यात शत्रू शिरला तो मेला, आणि किल्ल्याचे तत्त्व मात्र शिरणाऱ्याच्या मदतीला आले! ज्यूरीने ते मानले नाही. बाई खुनाबद्दल दोषी ठरल्या आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर दहाच दिवसांनी फोर्ट वर्थची गोळी सुटली.

दुसरे दार केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहराचे. १३ मार्च २०२० रोजी मध्यरात्रीनंतर झडतीचे वॉरंट घेऊन पोलिसांनी ब्रिओना टेलर हिच्या घराचे दार फोडले. चोर आले असे समजून तिच्या मित्राने एक गोळी झाडली, पोलिसांनी बत्तीस. ब्रिओना मेली. पोलिसांवर आधी गोळी झाडली गेली, म्हणून त्यांचे प्रत्युत्तर समर्थनीय, असे राज्याच्या तपासात ठरले आणि तिच्या मृत्यूबद्दल राज्याच्या न्यायालयात कोणा पोलिसावर आरोप आला नाही. एका अधिकाऱ्याने आडोशाने आंधळा गोळीबार केला होता. त्याला केंद्राच्या न्यायालयात तिच्या हक्कांचा भंग केल्याबद्दल दोषी ठरवून जुलै २०२५ मध्ये तेहतीस महिन्यांची शिक्षा देण्यात आली. त्याची एकही गोळी तिला लागलेली नव्हती. शहराने कुटुंबाला १ कोटी २० लाख डॉलर दिले आणि दार न वाजवता शिरण्याची वॉरंटे बंद केली.

तिसरे दार न्यू मेक्सिको राज्यातल्या फार्मिंग्टनचे. ५ एप्रिल २०२३ च्या रात्री एका घरगुती भांडणाच्या तक्रारीवरून पोलीस निघाले आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या घरापुढे जाऊन उभे राहिले. येथे त्यांनी दार वाजवले, पोलीस असल्याचेही सांगितले. घर चुकले की काय, अशी बोलणी त्यांच्यात चालू असतानाच दार उघडले. बावन्न वर्षांचा घरमालक हातात पिस्तूल घेऊन उभा होता. पोलिसांनी त्याला जागीच ठार केले. मुले वरच्या मजल्यावर होती. ह्या प्रकरणी फौजदारी खटला झाला नाही. कुटुंबाचा दावाही २०२५ साली केंद्राच्या न्यायाधीशांनी त्याच मर्यादित अभयाच्या आधारे फेटाळला. पिस्तूल दिसल्यावरचे कृत्य समंजस ठरले. चुकीच्या घरापुढे उभे असणे त्या हिशेबात बसले नाही.

चौथे दार इलिनॉय राज्यातले. ६ जुलै २०२४ रोजी सोन्या मॅसी ह्या बाईंनी, घराभोवती कोणी फिरत असल्याच्या संशयाने स्वतःच पोलिसांना बोलावले. आलेल्याने त्यांच्याच स्वयंपाकघरात, गरम पाण्याच्या भांड्यावरून शब्द वाढून, त्यांच्यावर गोळी झाडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्यूरीने त्याला दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी ठरवले. हा माणूस चार वर्षांत सहा ठिकाणच्या पोलिसांत नोकरी करून आला होता. पोलिसांत घेताना उमेदवाराची मागची सारी नोंद तपासली पाहिजे, असा कायदा त्या राज्याने २०२५ साली केला आणि त्याला ह्या बाईंचेच नाव दिले.

कर्ता कोण?

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला कायद्यातले फार कळते असा माझा दावा नाही. पण वाक्यातला कर्ता शोधणे हा माझा रोजचा धंदा आहे. थोडे वर मीच लिहिले, ‘फोर्ट वर्थची गोळी सुटली’. वाचकांपैकी कोणाला त्यात काही खटकले का? ह्या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता आहे गोळी. जणू तिनेच मनात आणले आणि ती निघाली! सरकारी भाषेला असली वाक्ये फार प्रिय असतात. अमेरिकेत ह्या घटनांना ‘अधिकारी-संबंधित गोळीबार’ अशा अर्थाचा एक शब्दप्रयोगच रूढ आहे. अधिकारी संबंधित होता. त्याने केले काय, ते विचारू नका. फोर्ट वर्थच्या पोलिसांनी त्या दिवशी काढलेल्या पत्रकातही धोका जाणवल्याचे आले आणि घरात सापडलेल्या पिस्तुलाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. दोन दिवसांनी त्या शहराच्या महापौर बेट्सी प्राइस ह्यांनीच जाहीरपणे सांगितले, की ती आपल्या घरात होती, पिस्तुलाचा इथे काही संबंध नाही. वाक्यात कर्ता परत आला तो तेव्हा.

त्यानंतरच्या गोष्टी मात्र नेहमीपेक्षा झपाट्याने घडल्या. गोळी झाडणाऱ्या ॲरन डीन ह्याने बडतर्फीपूर्वीच राजीनामा दिला. त्याच दिवशी, १४ ऑक्टोबर २०१९ ला, त्याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. खटला उभा राहायला तीन वर्षे लागली. तेवढ्यात त्या मुलीचे वडील महिन्याभरात गेले आणि जिच्या शुश्रूषेसाठी ती तेथे राहत होती ती आई जानेवारी २०२० मध्ये गेली. डिसेंबर २०२२ मध्ये ज्यूरीपुढे अकरा वर्षांचा झालेला भाचा साक्षीला आला. बरोबरच्या पोलीस बाईंनी सांगितले, की आपल्या जोडीदाराच्या तोंडून पिस्तुलाविषयी एक शब्दही आपण ऐकला नाही. उलटतपासणीत डीनने स्वतः मान्य केले, की त्याची त्या रात्रीची कामगिरी वाईट पोलिसगिरी होती. ज्यूरीने खुनाचा आरोप मानला नाही; बेदरकारपणे केलेला मनुष्यवध मानला. शिक्षा झाली ती अकरा वर्षे, दहा महिने, बारा दिवसांची. अकरा हे भाच्याचे वय. दहावा महिना आणि बारावा दिवस ही त्या घटनेची तारीख. हा योगायोग अनेकांच्या लक्षात आला. पुढे २०२३ साली नगरपालिकेने त्या मुलासाठी ३५ लाख डॉलर मंजूर केले.

माझी एक भाची डॅलसच्या एका उपनगरात राहते. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे होतो, तेव्हा मागच्या अंगणाकडे बोट दाखवून ती सहज बोलून गेली, “मामा, तुला सांगते, रात्री तिकडे काही वाजलं तर आम्ही पोलिसांना फोन करतो. पण ते येईपर्यंत खिडकीजवळ जात नाही, आणि हातात काही धरत नाही. मोबाइलसुद्धा नाही.” तिने हे अशा सुरात सांगितले, की आपण ‘गॅसचा कॉक बंद कर’ म्हणतो ना, तसे. स्वतःच्या घरात निर्दोष दिसण्याची ही तालीम मला फार लागली. चोरापासून जपायचे ते एक, आणि चोरापासून वाचवणाऱ्यापासून जपायचे ते दुसरे.

क्षण आणि पावले

ह्या सगळ्या हकिकतींतून मला जे दिसते ते थोडक्यात सांगतो. गोळी झाडण्याच्या क्षणी पोलिसाला भय वाटले की नाही, एवढ्यावरच जाब थांबला, तर तो जवळजवळ नेहमीच सुटेल. कारण त्या क्षणी भय बहुधा खरेच असते. पण तो क्षण आकाशातून पडत नाही. निरोप चुकीचा नोंदला जातो, गाडी आड लावली जाते, दार वाजवले जात नाही, घराचा क्रमांक पाहिला जात नाही, नालायक माणसाच्या अंगावर गणवेश चढतो. अशा एकेक पावलाने तो क्षण दाराशी येतो. फोर्ट वर्थला शिक्षा झाली, कारण ज्यूरीने खिडकीपर्यंतची सारी पावले मोजली. फार्मिंग्टनला दावा पडला, कारण हिशेब दार उघडल्यापासून सुरू झाला.

ह्या बाबतीत १५ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ ह्या खटल्यात एकमताने दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. घटना घरातली नव्हे, ह्यूस्टनजवळच्या रस्त्यावरची, २०१६ सालची. टोल थकल्यावरून थांबवलेली मोटार निघू लागताच पोलीस तिच्या दाराच्या पायरीवर चढला आणि त्याने आतल्या तरुणाला गोळ्या घातल्या. टेक्सस ज्या अपील न्यायालयाच्या कक्षेत येते, तेथे नियम होता, की धोक्याचा तो नेमका क्षणच काय तो पाहायचा. तो पायरीवर मुळात चढलाच का, हे विचारायचे नाही. न्यायमूर्ती एलेना केगन ह्यांनी लिहिलेल्या निर्णयाने हा नियम मोडीत काढला : आधीची सारी परिस्थितीही विचारात घेतलीच पाहिजे. मात्र पोलिसाने धोका स्वतःच्याच हाताने ओढवून घेतला असेल तर त्याचे काय, ह्याचा निवाडा न्यायालयाने पुढच्यासाठी ठेवला. दार किलकिले झाले आहे, एवढेच म्हणता येईल.

आपल्या घरचे काय? येथेही सरकारी नोकरावर कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला भरण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते. फौजदारी संहितेचे ते जुने १९७ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत २१८ वे झाले; सरकारने १२० दिवसांत निर्णय न घेतल्यास परवानगी मिळाली असे धरावे, ही सुधारणा त्यात आली. मुंबईतल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, की पोलिसांच्या गोळीने माणूस मेला तर गुन्हा नोंदवावा, तपास दुसऱ्या यंत्रणेने करावा आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी.

आणि एक गोष्ट तर १८६० पासून आपल्या दंडसंहितेत आहे, आता न्यायसंहितेच्या ३७ व्या कलमात तीच राहिली आहे. सरकारी माणूस सद्भावनेने काम करीत असला, तर एरवी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क चालत नाही. मात्र तो सरकारी माणूस आहे हे नागरिकाला माहीत असले पाहिजे किंवा तसे समजण्यास कारण असले पाहिजे. अटकेसाठी घर फोडण्यापूर्वी पोलिसाने आपला अधिकार व हेतू सांगून दार उघडण्याची मागणी करावी, हेही आपल्या संहितेत आहे. १६०४ चे ते इंग्रजी तत्त्व असे दोन समुद्र ओलांडून दोन देशांत नांदते आहे.

रात्री दारावर थाप पडली की आपण आतून पहिला प्रश्न विचारतो, कोण आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा हक्क घरच्या माणसाला आहे आणि ते देण्याचे ओझे बाहेर उभे असलेल्याच्या शिरावर आहे. त्याच्या हातात बंदूक असली तर अधिकच. पुढे न्यायालयात जाब विचारायचा तो येथून विचारला पाहिजे. ‘तुला भय वाटले का?’ हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, ‘तू कोण आहेस हे सांगितलेस का?’